एकतिसावं बदक

माझी आत्या सिनेमा बघायला बसली की शेजारच्याचं काही खरं नसतं. पडद्यावर नायिका चाळीस पोरींच्या मधोमध गिरक्या घेत असते, बाकीचं थिएटर श्वास रोखून बसलेलं असतं आणि आत्या माझ्या दंडाला चिमटा काढून ओरडते, "अगं घड्याळ बघ, घड्याळ! परत चार वाजून दहा!"

पुढच्या रांगेतले वळून बघतात. मी मान खाली घालते. आत्याला त्याचं सोयरसुतक नाही.

हॉलिवूडचे जुने नाचगाण्यांचे सिनेमे हे तिचं वेड. पण नाच आणि गाणी सोडून बाकी सगळ्याचं. कुठल्या पडद्याचं कापड पुढच्या सिनेमात नायिकेचा झगा होऊन आलं, कुठल्या न्हाव्याच्या दुकानावरची पाटी तीन सिनेमांनंतर बेकरीवर लागली, मागच्या बाकावरचा म्हातारा एकच वर्तमानपत्र चार सिनेमे कसा वाचतोय, हे सगळं तिला तोंडपाठ. गर्दीत उभा राहणारा एक टकला नट आहे. कधी वेटर, कधी न्यायाधीश, कधी खलाशी. आयुष्यात त्याला एक वाक्य मिळालं नाही. आत्या त्याला टकलूराव म्हणते आणि घरातल्या माणसासारखी त्याची खबर देते. "आज टकलूराव बँकेत लागलेत बरं का. तब्येत जरा उतरलीय."

मी म्हणायचे, "आत्या, लोक पैसे मोजून पुढचं बघायला येतात. तू एकटीच मागे काय शोधत असतेस?"

"पुढच्यांकडे बघायला सगळं जग आहे ठमे," ती म्हणायची. "मागच्यांनी काय पाप केलंय?"

ठमी हे माझं नाव नाही. पण आत्याने एकदा ठेवलं की ठेवलं.

हे वेड तिला लागलं ते नोकरीमुळे. जुन्या सिनेमांच्या रिळांचं एक मोठं भांडार आहे, तिथे ती चौतीस वर्षं तपासनीस. दोन उभी चाकं असलेलं टेबल, मध्ये दुधी काच, काचेखाली दिवा. डाव्या चाकावर रीळ चढवायचं, उजव्या हाताने दांडी फिरवायची आणि पांढरा मोजा घातलेल्या डाव्या हाताच्या दोन बोटांतून फिल्मची कड सरकवायची. कडेचं भोक फाटलं असेल तर ते बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. मग थांबायचं, जोड लावायचा, पुढे जायचं. चित्राशी तिचा खरं तर काही संबंध नाही. आणि त्या टेबलावर आवाज नसतो. चाळीस पोरी मुक्याने नाचतात, नायक तोंड उघडून उभा राहतो, आणि दिवसभर हेच बघायचं. माणूस किती वेळ बघेल? आत्याची नजर आपोआप मागे गेली आणि तिकडेच राहिली. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग तेव्हापासून आहे. चष्मा विसरेल, पण ते भिंग नाही.

तर बदकाची गोष्ट.

हॉलिवूडच्या एका स्टुडिओत मागचे देखावे रंगवणारा एक पेंटर होता. त्याचं नाव सिनेमाच्या सुरुवातीला मुंगीएवढ्या अक्षरांत येतं आणि वाचायच्या आत जातं. या बाबाने एकतीस सिनेमे रंगवले आणि प्रत्येकात कुठेतरी एक बदक लपवलं. छोटंसं, गुबगुबीत, मागे वळून बघणारं. कधी चहाच्या डब्यावर, कधी बोटीच्या निशाणावर, एकदा खलनायकाच्या उशीवर भरतकामात, एकदा तर भिंतीच्या नक्षीत उलटं टांगलेलं! का, ते कुणाला माहीत नाही. दिग्दर्शकाला पत्ता नसावा. आत्याने ती एकेक करून शोधली. एखादं सापडलं की भांडारात आरोळी ठोकायची आणि चौकीदारापासून सगळ्यांना चहा पाजायची.

तीस सापडली. एक सापडेना.

तो सिनेमा टोप्यांच्या दुकानातला. दुकानात काम करणारी पोरगी टोप्यांच्या मांडणीसमोर नाचते, डोक्यावर ही एवढी मोठी टोपी, सुपाएवढी. आत्याने त्या सिनेमाची आठही रिळं इतक्या वेळा पाहिली की त्या नाचणारीला कंटाळा आला असेल. बदक नाही. "असणारच," आत्या म्हणायची. "तीस ठिकाणी लपवणारा माणूस एकतिसाव्या वेळी आळस करत नाही." आणि आता तिच्या निवृत्तीला एक महिना उरला होता.

मी त्याच भांडारात अकरा वर्षं टायपिस्ट आहे. प्रत्येक सिनेमाचं एक जाड कार्ड असतं. लांबी किती फूट, जोड किती, प्रत कशी आहे, खाली तपासनिसाची सही. ही कार्डं लाकडी खणांत. मी कार्डांवरून याद्या टाइप करते. त्या महिन्यात नव्या साहेबांनी फर्मान काढलं: कपाटं भरली, तर ज्या सिनेमाच्या दोन सारख्या प्रती आहेत त्यातली एकच ठेवायची, दुसरी भंगारात. मी यादी केली. एकशे बारा सिनेमे. बोटं दुखली, वैताग आला, पण चूक एक नाही. टोप्यांच्या दुकानाचं कार्ड हाती आलं तेव्हा त्यावर आत्याच्याच अक्षरात होतं: 'दोन प्रती. दोन्ही सारख्या.' खाली सही. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची तारीख. मी टाइप केलं आणि पुढे गेले.

गुरुवारी सकाळी भंगाराचा ट्रक अंगणात लागला. डब्यांच्या थप्प्या बाहेर रचल्या होत्या. नियम असा की भंगारात जाणारं रीळ आधी तोडायचं, म्हणजे कुणी ते परस्पर दाखवायला नको. ट्रकवाल्याकडे त्यासाठी कुऱ्हाड होती आणि समोर लाकडाचा ओंडका. डबा उघडायचा, रीळ ओंडक्यावर, दोन घाव, की ट्रकात. मी खिडकी लावून घेतली. मला तो आवाज ऐकवत नव्हता.

निघण्याआधी प्रत्येक सिनेमाच्या नावापुढे तपासनिसाने सही करायची होती. साहेब म्हणाले होते, नुसती सही करा बाई, बघत बसू नका. पण आत्याला न बघता सही करायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. प्रत्येक सिनेमातलं निदान एक रीळ ती टेबलावर चढवत होती. "जाणाऱ्याला बघून निरोप द्यावा," म्हणे. टोप्यांच्या दुकानाचं तिने चौथं रीळ घेतलं. नाच त्यातच आहे ना.

मी यंत्रावर कागद चढवत होते, आणि मला ती किंकाळी ऐकू आली.

मला वाटलं बोट चाकात गेलं. मी धावत गेले तर आत्या टेबलाशी उभी, एक हात छातीवर, डोळ्यांत पाणी.

"काय झालं? कुठे लागलं?"

"सापडलं!"

"काय?"

"अगं बदक! बदक, बदक, बदक! बघ!" तिने भिंग माझ्या डोळ्याला असं दाबलं की भुवई दुखली.

मी बघितलं. पोरगी, टोपी, मांडणी. "कुठाय?"

"नीट बघ."

"नीटच बघतेय. काही नाही. आत्या, तू सकाळपासून काही खाल्लंयस का?"

"तू पोरीकडे बघतेयस!" आत्या चिडली. "सगळे पोरीकडेच बघतात, त्या बिचारीचं कामच ते आहे. अंगठा ठेव तिच्यावर. झाकून टाक तिला. आणि आता बघ."

अकरा वर्षं मी तिचा हा अंगठ्याचा प्रकार चेष्टेवारी नेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा अंगठा ठेवला. चित्र एवढंसं, अंगठ्याखाली नायिका दिसेनाशी झाली आणि देवाशपथ सांगते, मागचं दुकान एकदम पुढे आलं. तीन फळ्या. तिसऱ्या फळीवर टोपीचा गोल खोका, आणि खोक्यावर मागे वळून बघणारं, गुबगुबीत, उद्धट बदक.

"अगं बाई!" मी ओरडले. "आहे की! हे मेलं इथे बसलंय!"

आम्ही दोघी एकमेकींचे हात धरून उड्या मारल्या. माझं वय चाळीस, तिचं अठ्ठावन्न. चौकीदार दारात येऊन बघून गेला.

मग मी विचारलं, "पण इतकी वर्षं कसं दिसलं नाही गं?"

आत्या उडी मारता मारता थांबली. तिने शीतखोलीतून पहिल्या प्रतीचं चौथं रीळ आणलं आणि तीच जागा काचेवर शेजारी धरली. तोच नाच, तोच हात, तीच गिरकी. पण इथे तिसऱ्या फळीसमोर ती सुपाएवढी टोपी आडवी आलेली. बदकाची जागा नेमकी झाकलेली.

"दोन कॅमेरे," आत्या हळू आवाजात म्हणाली. "शेजारी शेजारी लावायचे म्हणे पूर्वी. एकाची प्रत त्यांच्या देशात दाखवायची, दुसऱ्याची परदेशी पाठवायची. हातभर अंतर. अगं, ह्या दोन प्रती सारख्या नाहीतच. हा वेगळा सिनेमा आहे ठमे. आठही रिळं वेगळी."

"मग कार्डावर सारख्या असं कुणी—" मी जीभ चावली.

"मी," ती म्हणाली. "फुटांच्या मीटरवर दोन्ही मोजल्या. एका फुटाचा फरक नव्हता. कडा तपासल्या, सही केली, मोकळी झाले. चित्र बघायचं असतं हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. आणि नंतर हा डबा मी कधी उघडलाच नाही. मीच लिहिलं होतं ना सारख्या, मग बघायचं कशाला?"

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. ठक. ठक.

बाकीची सात रिळं अंगणात होती.

मी कशी पळाले ते विचारू नका. चप्पल जिन्यात राहिली. अंगणात ट्रकवाल्याने शेजारची थप्पी संपवली होती आणि तो आमच्या थप्पीच्या वरच्या डब्याचं झाकण काढत होता. मी "थांबा!" म्हणाले, पण धाप लागल्यामुळे ते त्याला ऐकूच गेलं नाही. मग मला जे सुचलं ते मी केलं. झाकण परत डब्यावर आपटलं आणि सातही डब्यांवर बसले.

"ताई, उठा," ट्रकवाला म्हणाला.

"नाही."

"ताई, मला अजून दोन ठिकाणी जायचंय."

"जा की. मी कुठे अडवलंय? फक्त हे डबे नेऊ नका."

"साहेबांनी यादी दिलीय." त्याने कागद पुढे केला. माझीच यादी. एकही चूक नसलेली. मला स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटली.

"यादी चुकलीय," मी म्हणाले. "मीच टाइप केलीय, मला माहीत आहे." हे म्हणताना माझ्या जिवावर आलं, कारण यादी बरोबर होती, कार्ड चुकलं होतं. पण चूक अंगावर घ्यायची तर आपणच घ्यावी.

तोवर साहेब आले. मागून आत्या, दोन्ही हातांत जोडावर सोडवून आणलेल्या फिल्मच्या दोन पट्ट्या, गळ्यात भिंग हेलकावतंय.

"काय चाललंय हे?" साहेब म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत, पण कुणी डब्यांवर बसलेलं त्यांनी कधी पाहिलं नसावं.

आत्याने दोन्ही पट्ट्या आभाळासमोर धरल्या. ऊन लख्ख होतं. "बघा साहेब. हे दोन सिनेमे आहेत."

साहेबांनी भिंग लावलं. ही बघितली, ती बघितली. परत ही. "बाई, मला तर दोन्हीत तीच मुलगी दिसतेय."

"अंगठा ठेवा तिच्यावर."

"काय?"

"अंगठा हो! मुलीवर!"

साहेब लाजले. खरंच लाजले. मग अंगठा ठेवला, पण तो इतका जाड की मुलगी, मांडणी, दुकान सगळं झाकलं गेलं. "आता काहीच दिसत नाही," ते म्हणाले.

मला रडू आणि हसू एकदम आलं. मी उठले असते तर माझ्या करंगळीने दाखवलं असतं, पण उठायची सोय नव्हती. तेवढ्यात ट्रकवाल्याने कुऱ्हाड खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि म्हणाला, "मी बघू का जरा?"

आत्याने त्याच्या हातात भिंग दिलं. कागदाचा कपटा फाडून नायिकेवर धरला. तो एक डोळा मिटून बघत राहिला. पहिली पट्टी. दुसरी. आणि एकदम त्याचं तोंड उघडलं.

"बदक! साहेब, बदक आहे की हो इथे! खोक्यावर! आणि इथे नाही. इथे टोपी आलीय मध्ये!"

"कुठे, कुठे?" साहेबांनी भिंग जवळजवळ हिसकावलंच. कपटा सरकवला. आणि मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो साहेबांचा नव्हता, सात वर्षांच्या पोराचा होता. "अरे! बघतंय आपल्याकडे!"

"तेच तर!" आत्या म्हणाली. "तीस वेळा बघितलंय त्याने माझ्याकडे. हे राहिलं होतं."

पण साहेब शेवटी साहेबच. भिंग परत केलं, कोटाची बटणं नीट केली आणि विचारलं, "कार्डावर सारख्या असं कसं आलं मग? कार्डाच्या आधारावर मंजुरी घेतलीय मी. हे काम कुणाचं?"

मला माहीत होतं आत्यासाठी ते कार्ड काय होतं. भावांच्या संसारात ती कायम एका कडेला. घरातल्या फोटोंत अर्धी कापलेली, कुणाच्या तरी खांद्यामागे. तिचं म्हणून जे काही होतं ते त्या खणांत होतं. चौतीस वर्षं, हजारो सह्या, आणि त्यातली एकही कधी खोडावी लागली नाही, हे ती आल्यागेल्याला सांगायची. महिना राहिला होता. ती गप्प राहिली असती तर साहेबांनी टायपिस्टला दोन शब्द सुनावले असते आणि मी ऐकून घेतले असते.

"साहेब, यादी मी—" मी सुरुवात केली.

"तू गप गं," आत्या म्हणाली. "माझं काम, साहेब. माझी सही आहे. मी न बघता सही केली."

साहेब तिच्याकडे वळले. "तसं लेखी द्यावं लागेल बाई. कार्डावरच. सही खोडून."

"देते," आत्या म्हणाली. "पण आधी ह्या पोरीला उठू दे, डबे चेपतील."

ट्रकवाल्याने स्वतः सातही डबे आत नेऊन ठेवले. जाताना म्हणाला, "आजी, आणखी कुठे असलं बदक तर सांगा, मी थांबतो." आत्याने त्याला चहा पाजला.

मग ती माझ्या टेबलाशी येऊन बसली. मी खणातून कार्ड काढून दिलं. तिने पेनाचं टोपण काढलं. मग पट्टी ठेवून अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या सहीवर सरळ रेघ मारली. खाली लिहिलं: 'दोन प्रती. सारख्या नाहीत. दोन्ही जपाव्या. चूक माझी.' सही, तारीख. साहेब आले, वाचलं, मान डोलावली, शिक्का मारला आणि गेले.

ते गेल्यावर आत्याने दाराकडे बघितलं, पेन परत उघडलं आणि कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, काहीतरी काढलं. तांदळाच्या दाण्याएवढं.

मी वाकले. मी अंगठा उचलला आणि तिचा तो सगळा मजकूर झाकला.

बदक. मागे वळून बघणारं.

मी खण ओढला. त्या स्टुडिओची कार्डं एका गठ्ठ्यात होती. पहिलं काढलं, कोपरा बघितला. बदक. दुसरं. बदक. चहाच्या डब्यावाल्या सिनेमाचं, बोटीच्या निशाणाचं, खलनायकाच्या उशीचं, आणि भिंतीच्या नक्षीच्या सिनेमाच्या कार्डावर चक्क उलटं! तीसच्या तीस. अकरा वर्षं मी ही कार्डं हाताळली होती. प्रत्येकावरून निदान चार वेळा टाइप केलं होतं. फूट, जोड, प्रत, सही. मी कधी कोपऱ्यात बघितलं नव्हतं.

"आत्या!" मी कार्डं तिच्यासमोर पसरली. "अगं, हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

आत्याने शांतपणे पेनाला टोपण लावलं, पण ओठ दाबून ठेवले तरी तिचं हसू लपत नव्हतं.

"सांगायचं कशाला?" ती म्हणाली. "तू कधी बघतेस, त्याचीच वाट बघत होते."